झुमकीचं वय

“खणा,” ऑफिसच्या मोठ्या बाई म्हणाल्या. “पण रोप मरता कामा नये.”

भिंगकाका गुडघ्यांवर बसले. गळ्यात सदा भिंग लोंबतं म्हणून ऑफिसानं त्यांना हे नाव दिलं होतं. रानातल्या वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या ऑफिसात त्यांचा शब्द शेवटचा. मागच्या महिन्यापर्यंत तरी. मग नवी मुलगी कामावर आली. तीन आठवडे झाले नाहीत तोच तिला झुमकीची रोपं सापडली, आणि तीही याच रानात. इथून झुमकी कायमची गेली, असं काका दरवर्षी अहवालात लिहीत. ओढ्याकाठच्या दाट सावलीत सात रोपं होती. पांढरी फुलं कानातल्यांसारखी लोंबत होती.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या आणि घरी जाऊन ते जेवले नाहीत. पोटात दुखतंय का, असं बायकोनं विचारलं. दुखतच होतं, पण त्यावर औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे लेखी तक्रार दिली. ही रोपं मुलीनं बाहेरून आणून लावली आहेत. ते खरं ठरलं तर तिची नोकरी त्याच संध्याकाळी जाणार होती. काकांना तेच हवं होतं.

झुमकी दर हिवाळ्यात वरून नाहीशी होते. जमिनीखाली तिचा आडवा कंद जगतो. जुना दांडा गळतो तिथे कंदावर वाटोळा वण राहतो. वर्षाला एक वण. ते वाचण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून बाईंनी खुरपं त्यांच्याच हाती दिलं. मुलीला लांब उभं केलं होतं.

“सर मोजतील ते मला मान्य आहे,” ती म्हणाली. तिचा तो शांतपणाही काकांच्या डोळ्यांत खुपला.

त्यांनी बोटांनी माती सारली. दोन-तीन वण निघाले की काम फत्ते. पण कंद संपेना. तो शेजारच्या मोठ्या झाडाच्या मनगटाएवढ्या मुळाखाली शिरला होता. मूळ त्याच्यावरून वाढलं होतं. असं कुणाला लावता येत नाही. काकांनी वण मोजले. मग कमी भरतील या आशेनं पुन्हा मोजले.

बाईंना वाटेवरून फक्त काकांची पाठ दिसत होती. माती परत ओढून ‘तीन’ म्हणणं अगदी सोपं होतं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही.

“किती निघाले?” बाईंनी विचारलं.

“एकवीस,” काका म्हणाले. “हिनं लावलेली नाही. इथलीच आहे.”

बाईंनी आकडा लिहून घेतला. मग पेन थांबलं.

“आणि हे रान तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“वीस वर्षं झाली,” काका म्हणाले.