साहेबांचं माप

"साहेबांचा नंबर काय, ताई?" काळ्या बुटांचा खोका उघडत म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं.

"माझ्याएवढाच असेल. मीच घालून बघते," वैजयंता म्हणाली.

तिच्या घरी साहेब वगैरे कुणी नव्हतं. एसटीत कंडक्टर झाल्यापासून बायकांच्या बुटांची प्रत्येक जोडी तिच्या रुंद पावलांना चावतच आली होती. लांबी पुरायची, पण आत बोटं एकमेकांवर चढायची. मोठा नंबर घेतला की टाच निसटायची. "एवढा रुंद पाय?" हे बार्शीतल्या दुकानांत ऐकून ऐकून तिनं विचारणंच सोडलं होतं. आज मात्र धीर करून ती पुरुषांच्या बाजूला येऊन बसली होती.

तिनं पाय आत सरकवला, नाडी बांधली आणि उभी राहिली. पाचही बोटं सुटी, आपापल्या जागी टेकली होती. कुठेच काही दुखत नव्हतं, आणि त्या न दुखण्यानंच तिचे डोळे भरून आले.

"बसतील ना साहेबांना?"

खोटं बोलणं अचानक तिच्या जिवावर आलं. "साहेब नाहीत हो, काका. मलाच हवेत. माझा पायच असा आहे."

दुकानदारानं तिच्या पायांकडे पाहिलं आणि रिकामा खोका बाजूला सारला. "मग बांधून कशाला देऊ? घालूनच जावा की."

बाहेर रिक्षावाल्यानं हाक मारली. तिनं हसून मान हलवली आणि स्टँडकडे जायला मुद्दाम लांबचा रस्ता धरला.