पुढच्या वर्षी उतरतो

कानेला गाय हौदाकडे पाठ करून उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. रिंगणाच्या मधोमध गुडघाभर पाण्याचा हौद. माणूस आणि गाय एकाच वेळी पाण्यात दिसले की त्या माणसाच्या बाजूला एक गुण, एवढाच खेळ. गावातल्या पुलाअलीकडचे चार खेळाडू, पुलापलीकडचे चार, आणि गुण अजून सारखेच. शेवटची तीन मिनिटं कुणीही उतरावं अशी मुभा होती. पण त्या काळ्या, चपळ गायीने दुपारपासून दोन्हीकडच्या पोरांना इतकं लोळवलं होतं की सगळे फळ्यांच्या कुंपणाला पालीसारखे चिकटून होते.

"अरे वीरांनो, गाय आहे ती, सासू नाही!" माचावरून निवेदक फाबियाँ लेस्कूरचा आवाज घुमला. लोक हसले. तीस उन्हाळे ते याच वाक्याला हसत आले होते.

फाबियाँला अख्खा देश टीव्हीमुळे ओळखायचा, फक्त कशासाठी ते ज्याच्या त्याच्या वयावर होतं. म्हाताऱ्यांना हातात छडी घेऊन पाऊस सांगणारा पोरगा आठवायचा. त्यांच्या मुलांना त्याचं एकुलतं एक गाणं पाठ. पडद्यावर तो नुसते ओठ हलवायचा. मग अकरा वर्षं प्रश्नमंजूषा, उत्तरं कार्डावर लिहिलेली. मग गुरुवारचा स्वयंपाक. खरा आचारी टेबलाखाली बसून तयार पदार्थ वर सरकवायचा. पुढे टीव्हीने त्याला निरोप दिला आणि गावोगावच्या जत्रा तेवढ्या उरल्या. त्याही एकेक करून गळाल्या. उरली ती ही एक.

आणि आज तीही संपणार होती. एकाहत्तरी उलटली होती. कोटाच्या खिशात निरोपाच्या चार ओळींचा कागद होता, तो खेळ संपल्यावर वाचायचा आणि उद्या सकाळच्या गाडीने लिल शहरातल्या घरी जायचं, कायमचं. तिथे जिन्यात भेटणारे शेजारी अजून त्याला उद्याच्या पावसाबद्दल विचारत. बाकी त्याचं तिथे कुणी नव्हतं. आपण परत येणार नाही हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

माचाखालीच, पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या उशीवर आर्लेतबाई बसल्या होत्या. गावच्या खाटकाची विधवा, वय ब्याऐंशी, आवाज मात्र भोंग्याचा. दरवर्षीप्रमाणे त्यांनी तोंडाशी हात धरले.

"फाबियाँ! दुसऱ्यांना काय सांगतोस? तू कधी उतरणार?"

याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. सगळी बाकं त्याच्याबरोबर ओरडायला तोंड उघडून तयार बसली.

"पुढच्या..." फाबियाँ म्हणाला आणि अडकला.

पंचेचाळीस वर्षांत या माणसाने माइकवर काय काय ठोकून दिलं होतं! त्याने सांगितलेला निम्मा पाऊस पडलाच नव्हता. पण आर्लेतबाईंच्या तोंडावर हे एक खोटं त्याला बोलवेना. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने माइक खाली ठेवला, कोट काढला, माचावरून वाकून बाईंच्या हातात दिला आणि शिडी उतरून फळ्यांवर टांग टाकली.

"फाबियाँसाहेब, चेष्टा पुरे!" गायीची मालकीण मारीझो कुंपणापलीकडून ओरडली. "ती टीव्ही बघत नाही हो!"

"तेच बरंय!" फाबियाँ म्हणाला, आणि कानेला वळली.

पुढचं फार सुंदर नव्हतं. पांढऱ्या बुटांनी वाळूत चार पावलं टाकली, पाचवं घसरलं, साहेब पोटावर हौदात. मागून कानेला आली, काठाशी थबकली, वाकून बघू लागली. मग, बहुधा निव्वळ कुतूहलाने, तिने पुढचे दोन पाय पाण्यात टाकले. बाकं उभी राहिली. मारीझोने गायीला हाक मारून दाराकडे वळवलं, आणि मग खरा गोंधळ सुरू झाला.

"गुण कुणाला?" पंचाने विचारलं.

"आम्हाला! आमचा आहे तो!" अलीकडचे ओरडले. "तीस वर्षं आमच्या लॉजमध्ये उतरतो!"

"झोपतो तुमच्याकडे, बदक कुणाकडचं खातो? आमचा आहे!" पलीकडचे ओरडले.

"आमच्या पोरांच्या लग्नात नाचलाय!"

"आमच्या लग्नात तर रडलाय!"

फाबियाँ गुडघाभर पाण्यात निथळत उभा होता. आपल्यावरून कुणी असं भांडेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. गुणासाठी का होईना. त्याला इतका आनंद झाला की बाहेर यायचंही सुचेना.

अखेर पंचाने हात वर केले. "बरोबरी! हा माणूस कुणाचा ते गावसभेत ठरवा, माझं डोकं खाऊ नका."

फाबियाँ फळ्यांशी आला. आर्लेतबाईंनी कोट त्याच्या ओल्या खांद्यांवर टाकला. त्याने खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला.

"काय शोधतोस?" बाईंनी विचारलं.

"एक कागद होता."

"असेल पडला कुठेतरी." बाई उशीवर जरा जास्तच घट्ट बसल्या. उशीखालून कागदाचा एक कोपरा डोकावत होता. त्यांनी तो अंगठ्याने आत ढकलला आणि पुन्हा तोंडाशी हात धरले, सगळ्या बाकांना ऐकू जावं म्हणून. "काय रे फाबियाँ, पुढच्या वर्षी कुठल्या बाजूने उतरणार?"

कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला. त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं.

"ते," फाबियाँ म्हणाला, "पुढच्या वर्षी सांगतो."