वीस पैशांची तिकिटं

“चार सौ में दे दो, भैया. अभी बंदा भेजती हूँ.”

सुरुचीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाबांना ऐकू जायला नको होतं.

“मैडम, ऐप पे सात सौ लिखा है. दो सौ टिकट हैं, सब हवाई जहाज़वाले.”

“दिल्लीवाला साढ़े तीन में दे रहा है.”

“तो दिल्ली से ले लो.”

दिल्लीहून यायला चार दिवस लागले असते. तिच्याकडे तीन तास होते. गेले दोन महिने ती रोज तीन-चार ॲपवर पोस्टाची हीच वीस पैशांची, विमानाच्या चित्राची जुनी तिकिटं शोधत होती. एकेक सुटं घ्यायला गेलं की तिकिटाला तीस-चाळीस रुपये सांगत. स्वस्त गठ्ठा दिसे, तोवर कुणीतरी उचललेला असे. आज पहिल्यांदाच भोपाळमधला विकणारा सापडला होता.

“साढ़े चार,” ती म्हणाली. आवाज कापला, आणि तो पलीकडे पोचला असावा.

“पाँच सौ. लास्ट.”

“ठीक है.”

मोटरसायकलवरून पाकीट आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. पाचला तिचा भाऊ प्रतीक मंडीदीपहून कारखान्यातून सुटून येणार होता आणि बाबांना बाइंडरच्या दुकानात नेणार होता. “तुला सांगून होत नाही, मीच जाऊन घेऊन येतो माझी वही,” असं बाबांनी सकाळी ठणकावलं होतं. आणि बाइंडर असा कुणी नव्हताच.

तेव्हा बाबा, नरहर, सरकारी कचेरीत भोपाळला, आणि सुरुचीची आता हयात नसलेली आई, सुमन, नागपूरला शाळेत मास्तरीण. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं अशी गेली. दर आठवड्याला तिचं एक पत्र. घरात माणसं फार, म्हणून वाचून झालं की ते पत्र फाडून टाकत. पण तिकीट पाण्यात भिजवून सोडवत आणि एका वहीत चिकटवत. एका ओळीत चार. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. एकशे चार तिकिटं.

एप्रिलमध्ये बाबा पक्षाघाताने आयसीयूत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सुरुचीने घरी येऊन त्यांची खोली आवरली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. जुन्या फायलींबरोबर ती वहीही कबाड्याच्या पोत्यात गेली. मग बाबा घरी आले. उजवा हात लुळा पडला होता, बाकी सगळं शाबूत. पहिल्याच दिवशी त्यांनी वही मागितली, आणि ती बाइंडरकडे दिली आहे असं सुरुचीने सांगून टाकलं.

आता तिने नव्या वहीच्या पानांवर भराभरा डिंक लावला. ओळीत चार, ओळीत चार. बोटं चिकट झाली. शेवटचं पान पंख्याखाली वाळवलं, प्रतीकला फोन करून ‘येऊ नकोस, वही आली’ म्हणून सांगितलं, आणि ती आत गेली.

“जुनी पानं तुटत होती, बाबा. बाइंडरने तिकिटं नव्या वहीत लावून दिलीत.”

बाबांनी वही मांडीवर घेतली. वरून हात फिरवला. पहिलं पान उघडून ते मनापासून हसले. मग त्यांनी डाव्या हाताने भिंग उचललं.

एक ओळ. दुसरी. भिंग थांबलं.

“सुरू, तुझी आई कटकला कधी गेली होती?”

“कटकला?”

“हा शिक्का कटकचा आहे. बघ.”

“शाळेची सहल असेल.”

त्यांनी मान हलवली. पान उलटलं. अजमेर. सेलम. पुन्हा कटक. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

“डॉक्टर तुला काय म्हणाले? माझ्या डोक्याबद्दल?”

“काही नाही, बाबा. डोकं चांगलं आहे तुमचं.”

“खोटं बोलू नकोस.” त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “ही पत्रं मला आली. सुमनने लिहिली, मी वाचली, मीच तिकिटं सोडवली. आणि मला एकही आठवत नाही. नागपूरची सगळी आठवतात गं. मग हीच का नाही?”

सुरुची त्यांच्या पायाशी बसली. सहलीसारखं आणखी काही सुचतं का, ते तिने पाहिलं. काही सुचलं नाही.

“बाबा, ही तुमची वही नाही. तुमची मी कबाड्याला दिली. तुम्ही दवाखान्यात असताना. ही तिकिटं मी आज विकत घेतली.”

ती मान खाली घालून थांबली. बाबा ओरडतील, वही भिरकावतील, काहीही करतील.

“म्हणजे सुमन कटकला गेली नव्हती.”

“नाही.”

“आणि मी विसरलेलो नाही.”

“नाही, बाबा.”

वही त्यांच्या मांडीवरून घसरली. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. डोळे मिटून घेतले. ओठ हलायला लागले, आधी आवाजाशिवाय, मग हळूहळू शब्द येऊ लागले.

“नागपूर, मंगळवार. इकडे सर्व ठीक. आज शाळेत तपासणी होती, म्हणून मी तुम्हाला आवडते ती निळी साडी…”

ते थांबले. “निळी साडी…” ते पुन्हा म्हणाले आणि डावा हात हवेत धरून राहिले.

सुरुचीने तो हात धरला. पुढची ओळ तिने सांगितली असती. पण ती ओळ त्यांच्याखेरीज कुणीच वाचली नव्हती.