पाण्याने लिहिलेलं

“ते मधलं चित्र उतरवा,” जासिम रुकैयाला म्हणाला.

संध्याकाळी उद्घाटन होतं. दोह्यातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये आधुनिक तुर्की चित्रांचं प्रदर्शन मांडून झालं होतं. दारातून शिरताच समोर येणारं हे मधलं, सगळ्यात मोठं चित्र नेरिमान हानम यांचं होतं. हानम म्हणजे बाई. सत्तरी ओलांडलेल्या या चित्रकार बाई इस्तंबूलहून मुद्दाम आल्या होत्या, आणि त्यांची सरबराई रुकैयाकडे होती. रुकैया मूळची म्हसळ्याची. प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीत को-ऑर्डिनेटर. जासिम तिचा कतारी मॅनेजर, वयाने तिच्याहून लहान, वागायला सभ्य.

“का पण?”

“सिस्टर, सकाळी एका मोठ्या माणसाने पाहिलं. म्हणाले, ही अरबी अक्षरं आहेत, तोडूनमोडून टाकलीत. कुराणातली आयत असली तर?”

“आहे का?”

“अक्षरं दिसतात, शब्द लागत नाही. तीच तर भीती. नाही म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?”

राखी रंगावर काळे, जाड आकार. एकमेकांपासून ओढून दूर केलेले. एक खाली बुडालेला, एकाची शेपटी पार चौकटीबाहेर जायला निघालेली. रुकैयाने आठवडाभर ते चित्र पाहिलं होतं, पण अक्षरं म्हणून नव्हे.

नेरिमान हानम मागेच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या हसल्या.

“तरुणपणी इस्तंबूलमध्ये मला विचारलं, ही जुनी लिपी कशाला, तू मागासलेली आहेस का? पॅरिसमध्ये म्हणाले, छान आहे, पण हे आमच्याकडे होऊन गेलं. आता इथे हे.”

“मॅडम, यात काय लिहिलंय तेवढं सांगा,” जासिम काकुळतीने म्हणाला. “मी फोन करून कळवतो.”

“मला वाचता येत नाही.”

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाईंनी सांगितलं. त्यांचे आजोबा सुलेखनकार होते. बाईंच्या जन्माआधीच देशाने अरबी लिपी टाकून रोमन लिपी घेतली आणि आजोबांच्या हाताचं काम गेलं. शाळेत बाई नवीच अक्षरं शिकल्या. म्हातारा सकाळी अंगणात बसायचा, बोरू पाण्यात बुडवून फरशीवर लिहायचा. रोज तेच. छोटी नेरिमान शेजारी बसून बघायची. ऊन आलं की फरशी कोरडी. ती लहान असतानाच तो गेला. आकार तेवढे तिच्या डोळ्यांत राहिले.

“कुणाला विचारलं नाहीत कधी?” रुकैया म्हणाली.

“विचारणार होते. मग चित्रकला शिकायला लागले. आमचे मास्तर म्हणायचे, वाचू नका, बघा. आकाराला अर्थ चिकटला की चित्र मेलं. मला ते पटलं. आयुष्यभर मीही तेच सांगत आले.”

रुकैया चित्राजवळ गेली. गावच्या मदरशात ती कुराण वाचायला शिकली होती. अर्थ न कळता अक्षराला अक्षर जोडायची तिला लहानपणापासून सवय. हात न लावता तिने बोट फिरवलं.

“हा काफ. हे दोन ठिपके इथे पडलेत, म्हणजे ये. ही झे. आणि ती शेपटी मीमची.” ती थांबली. “वर-खाली झेर-झबर, स्वरांच्या खुणा नाहीत, म्हणजे उच्चार कसाही होईल. कीझम... कीझुम... कीझिम...”

नेरिमान हानम यांनी खुर्चीची पाठ धरली.

“शेवटचं परत म्हण.”

“कीझिम.”

बाई चित्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, “माझी पोर. आमच्या भाषेत, माझी पोर. आजोबा मला अशीच हाक मारायचे.”

जासिमने फोन काढला आणि खिडकीशी गेला. सुरुवातीला तो भरभर काहीतरी समजावत होता. नंतर नुसतं ‘नअम, नअम’, हो, हो, ऐकू यायला लागलं. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती.

“सांगितलं मी. तुर्की आहे, घरगुती शब्द आहे. ते म्हणाले, दारात उभं राहून प्रत्येक पाहुण्याला हे कोण समजावणार? खलास.”

“खाली पाटी लावू या ना,” रुकैया म्हणाली. “अर्थ लिहून.”

“सिस्टर, प्लीज.”

तिला आणखी बोलायचं होतं. पण व्हिसा कंपनीचा होता, जासिमच्याही वर माणसं होती, आणि त्यांच्याही वर असणार. तिने सुताराला बोलावून घेतलं.

फजल सुतार शिडी घेऊन आला. चित्र उतरलं, खाकी कागदात गुंडाळलं गेलं, लाकडी खोक्यात उभं राहिलं. बाईंनी अडवलं नाही. रुकैयाने आणून दिलेला चहा त्यांच्या हातातच निवला.

“इतकी माणसं या चित्रासमोर उभी राहिली,” त्या म्हणाल्या, “आणि मी प्रत्येकाला सांगितलं, याला काही अर्थ नाही.”

रुकैयाने गार चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

“दीदी, बंद कर दूँ?” फजलने झाकण उचलून विचारलं. रुकैयाने मानेनेच हो म्हटलं. तो स्क्रू पिळू लागला.

“एकदा वाच,” बाई म्हणाल्या.

वाचायला आता समोर काही नव्हतं. रुकैया त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. या वेळी तिने अक्षरं जुळवली नाहीत, कुणाला तरी बोलवावं तसं म्हटलं, “कीझिम.”

“एफेंदिम,” नेरिमान हानम लगेच म्हणाल्या, बारीक आवाजात.

रुकैयाला तुर्की येत नव्हतं. पण घरातून हाक आली की अंगणातली पोर खेळ न सोडता ओ देते, तो सूर तिला कळला.