घरी विचारून सांगतो

कुणी गाडी मागितली, कुणी चार दिवस राहायला येतो म्हटलं, की नंदकिशोरचं उत्तर ठरलेलं: "घरी विचारून सांगतो." विचारायचा मात्र कधीच नाही. दोन दिवसांनी "घरून नाही म्हणतात" म्हणून मोकळा! पंचवीस वर्षांत साऱ्या कॉलनीत वाईट झाली ती त्याची बायको, कुंदा.

रविवारी तो कळंबहून पेढे घेऊनच आला. "आपल्या ऋचाचं लग्न पक्कं करून आलो."

कुंदाचं डोकंच फिरलं. "अन् मले विचारलं काय?"

"त्यात घरी काय विचारा लागते?"

तेवढ्यात मुलाकडच्यांचा फोन आला. तो कुंदाने उचलला.

"थांबा जी, घरी विचारून सांगते," ती म्हणाली आणि तिने ऋचाला हाक मारली.