मीठ जरा पुढेच

टाकीतली समुद्रगोगलगाय शिंगं आत ओढून गोळा झाली, तशा इंदुमतीबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"आई, पुन्हा पाणी खारट केलंस!" त्यांची मुलगी वैजू चिडली. "खारटपणा मोजायला मीटर आणून दिलाय ना? तळहातावर घेऊन चाखायला ती काय सोलकढी आहे?"

जग सोडून जाणाऱ्या माणसाला आपली आठवण अशा गोगलगायीत ठेवता येते, पण तिच्यात एकच मावते. शेजारच्या काकांनी आपल्या लग्नाचा दिवस ठेवला होता. वैजूच्या बाबांनी मात्र बायकोच्या हातच्या कालवणाची चव ठेवली. संसारभर पहिल्या घासाला ते कुरकुरायचे, "मीठ जरा पुढेच आहे." आणि मग ताट चाटूनपुसून उठायचे.

इंदुमतीबाईंनी तांब्याभर गोडं पाणी टाकीत हलकेच सोडलं. हळूहळू शिंगं बाहेर आली. गोगलगाय सरपटत आली आणि त्यांनी काचेला टेकवलेल्या बोटापाशी थांबली.

"इतकी वर्षं स्वयंपाक केलास, मिठाचा अंदाज येत नाही का गं तुला?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण मीठ बेताचं पडलं, की हे काही बोलतच नाहीत."