अन्नातला कोड

"आधी आजाराचा कोड, मग औषध," भांडारातला माणूस फोनवर म्हणाला. "कोडशिवाय बाटली हलत नाही."

थोरलीनं फोन ठेवला. रुग्णालयाच्या बिल विभागात तिची निम्मी हयात गेली होती, पण घरच्या माणसाची फाइल टेबलावर पहिल्यांदाच आली होती. वर अतिदक्षता विभागात धाकटी जाऊ पडून होती. पापण्या उघडत नव्हत्या, घास गिळवत नव्हता, आता श्वासही यंत्रावर.

"माझी गुणाची पोर गं ती," समोरच्या बाकावर सासूबाई डोळे पुसत होत्या.

थोरलीच्या पोटात दुखलं, नेहमीसारखंच. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायचे हिनं, धाकटीचासुद्धा. आणि धाकटीनं नुसतं हसून "आई, चहा टाकू?" म्हटलं, की घर भरून पावायचं. राबायचं एकीनं, मिरवायचं दुसरीनं! तिचा इतका हेवा वाटायचा, की थोरलीला स्वतःचीच लाज वाटायची. मग त्याचाही राग धाकटीवरच निघायचा.

"वहिनी, वाचेल ना हो ती?" दिरानं विचारलं.

ती संगणकाकडे वळली. फाइलीतला डॉक्टरांचा कागद वाचून तिनं बाजूला ठेवला होता. पडद्यावरची कोडची चौकट रिकामी होती. बोटुलिझम, म्हणजे अंगातली ताकदच काढून घेणारं जंतूचं विष. त्याचेही कोड निरनिराळे: जखमेतून भिनलं तर एक, अन्नातून गेलं तर दुसरा. चुकीचा पडला की मागणी परत येते, त्यात दिवस जातो. आणि चुका काय, सगळ्यांच्याच होतात. तिला कुणी बोल लावला नसता. बोट अडलं.

मग तिनं अन्नातला कोड टाकला आणि प्रतिविष तातडीनं मागवलं.

संध्याकाळी डॉक्टर खाली आले.

"बिघाड थांबलाय. प्रतिविष वेळेवर मिळालं. वाचतील त्या."

सासूबाईंनी थोरलीला कवटाळलं. "माझी खरी लेक तूच गं!"

थोरलीला रडू फुटलं. हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते.

"खरंच, ताईंमुळेच," डॉक्टर म्हणाले. "मी तर कागदावर पक्षाघात लिहिला होता. ती बाटली वर आली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण ताई, विष अन्नातून गेलंय, हे तुम्हाला कसं कळलं?"